राजीनामा : एक पद सोडून दुसरे स्वीकारताना

'राजीनामा' हा शब्द फारसीतून मराठीत आला. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे लेख. अर्थात राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. जुन्या मुंबई इलाख्यात खातेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून देई व ती घेणारा कबुलायत लिहून देई. दोन्ही कागद जुळले म्हणजे सरकारदप्तरी खाते बदलत असे. नोकरीतील राजीनाम्याचे स्वरूपही मूलतः असेच आहे. सोडून जाणारा आणि जाऊ देणारा या दोघांच्या संमतीने तो पुरा होतो. बोलण्यात मात्र 'राजीनामा तोंडावर फेकला' असे म्हटले जाते, आणि तेथेच पुढील नुकसानीचे मूळ असते.

समजा, शासकीय शाळेतील एका शिक्षकाची बारा वर्षे सेवा झाली आहे. दुसऱ्या शासकीय खात्यात अधिक वेतनाच्या पदावर त्याची निवड होते. आनंदाच्या भरात तो 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असे दोन ओळींत लिहून मोकळा होतो. या दोन ओळींमुळे त्याची बारा वर्षे धोक्यात येतात.

केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1972 यातील नियम 26 अन्वये राजीनामा दिला असता पूर्वीची सेवा गमावली जाते, असे सर्वसाधारण तत्त्व घालून दिलेले होते. त्याला महत्त्वाचा अपवाद होता तो असा, की योग्य परवानगीने शासनाचीच दुसरी नेमणूक स्वीकारण्यासाठी राजीनामा दिला असेल, तर पूर्वीची सेवा जात नाही. हे नियम 2021 मध्ये नव्याने करण्यात आले, तरी तत्त्व कायम राहिले. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यातही याच तत्त्वाचा स्वीकार आहे. अशा राजीनाम्यास कार्यालयीन भाषेत 'तांत्रिक राजीनामा' म्हणतात. केंद्रीय सेवेत 1 जानेवारी 2004 पासून दाखल झालेल्या बहुतेकांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू असली, तरी वेतननिश्चिती, शिल्लक रजा व उपदान यांसाठी पूर्वीची सेवा जोडली जाणे त्यांनाही तितकेच आवश्यक आहे. राज्याराज्यांचे नियम तपशिलात भिन्न असल्याने आपल्या आस्थापना शाखेत आधी चौकशी करणे इष्ट होय.

यास्तव राजीनाम्याची तयारी नव्या पदाच्या अर्जापासूनच सुरू होते. अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फत करावा, किंवा निदान अर्ज केल्याची लेखी सूचना देऊन ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. वरिष्ठांना ही वार्ता इतरांकडून कळण्यापेक्षा स्वतः सांगितलेली बरी. निवड झाल्यावर नेमणुकीचा लेखी आदेश हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. तोंडी आश्वासनावर कोणीही विसंबू नये.

राजीनाम्याचा मजकूर थोडा पण नेमका असावा. उदाहरणार्थ : 'अमुक दिनांकाच्या आदेशान्वये अमुक खात्यात अमुक पदावर माझी नेमणूक झाली आहे. त्या पदासाठीचा माझा अर्ज आपल्या कार्यालयामार्फत पाठविण्यात आला होता. सदर पद स्वीकारण्यासाठी मी विद्यमान पदाचा राजीनामा सादर करीत असून, मला अमुक दिनांकापासून कार्यमुक्त करावे, ही विनंती.' यापुढे सहकाऱ्यांच्या साहाय्याबद्दल कृतज्ञतेचे एक वाक्य पुरेसे आहे. राजीनामा निःसंदिग्ध व बिनशर्त असावा लागतो; जुन्या तक्रारी, रोखलेली वेतनवाढ किंवा कोणाचे वर्तन यांचा पाढा त्यात वाचू नये. रागाने लिहिलेले वाक्य संबंधित माणसे विसरली, तरी दप्तरात राहते.

राजीनामा दिला म्हणजे नोकरी सुटली, असा समज चुकीचा आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने तो स्वीकारून कार्यमुक्तीचा आदेश देईपर्यंत कर्मचारी कामावर असतो. त्यापूर्वी निघून गेल्यास ती विनापरवानगी गैरहजेरी ठरू शकते. पुढील तारखेपासून अमलात यावयाचा राजीनामा, कायदा, करार वा संविधान यांची आडकाठी नसेल तर, त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दिला. जुन्या पदाची कार्यमुक्ती व नव्या पदावरील रुजू दिनांक यांमध्ये खंड पडल्यास तो पदग्रहण अवधी वा रजा यांत बसवून घ्यावा लागतो. हे काम मागाहून करण्यापेक्षा तारखा आधीच जुळविणे सोपे.

खाजगी कारखान्यात वा संस्थेत काम करणाऱ्यांनी नेमणूकपत्रातील सूचना-मुदत पाळावी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या मालकाकडील खात्यात वर्ग करावी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 अन्वये मासिक निवृत्तिवेतनासाठी 10 वर्षांची पात्र सेवा लागते. दर वेळी पैसे काढणाऱ्यास ती पुरी करणे कठीण जाते.

शेवटचा भाग कार्यभाराचा. शिक्षकाने हजेरीपट, गुणपत्रके, ग्रंथालयाची पुस्तके व जडवस्तू नोंदवहीतील सामान, तर लिपिकाने प्रलंबित प्रकरणांची यादी, रोकडवही व किल्ल्या दुसऱ्याच्या स्वाधीन करून त्याची सही घ्यावी. अर्धवट राहिलेले प्रत्येक काम कोठपर्यंत आले आहे, याचे टिपण मागे ठेवावे. परीक्षा तोंडावर आली असल्यास नव्या कार्यालयाकडे रुजू होण्यास थोडी मुदत मागण्यात कमीपणा नाही. ना-देणे प्रमाणपत्र घ्यावे आणि सेवापुस्तकातील नोंदी निघण्यापूर्वी स्वतः तपासाव्यात.

कार्यालयप्रमुखांचेही कर्तव्य आहे. जाणाऱ्यास विनाकारण अडवून ठेवणे वा सेवापुस्तक महिनोन्‌महिने न पाठविणे यामुळे त्याचे वेतन अडकते. त्याने कार्यभार नीट दिला आणि कार्यालयाने त्याला वेळेवर मोकळे केले, म्हणजे राजीनामा हा शब्दार्थाप्रमाणे खरोखरच दोघांच्या संमतीचा लेख ठरतो.