भूवापर नकाशा, विकास योजनेचा

स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीतील कोणती जमीन कोणत्या कामी वापरली जावी हे दर्शविणारा आणि शासनाच्या मंजुरीनंतर सर्वांवर बंधनकारक होणारा नकाशा. त्यात निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित इ. विभाग निरनिराळ्या रंगांनी दाखवितात. निवासी विभागास पिवळा, औद्योगिक विभागास जांभळा व शेतीच्या क्षेत्रास हिरवा रंग देण्याचा सामान्य संकेत आहे. शाळा, बाजार, क्रीडांगण, रुग्णालय इत्यादींसाठी राखून ठेवलेल्या जागांस ‘आरक्षण’ म्हणतात. नकाशासोबत अहवाल व विकास नियंत्रण नियमावली असते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जमिनीचा कब्जेदार व तीवरील पीक कळते, पण तेथे पुढे काय होऊ शकेल ते या नकाशावरूनच कळते. जमीन खरेदी करणारे पुष्कळ लोक पहिला कागद काळजीपूर्वक पाहतात. दुसरा पाहण्याची गरज त्यांना घर बांधावयाच्या वेळी जाणवते.

मुंबई प्रांतात १९१५ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्याचा भर लहान लहान क्षेत्रांच्या नगररचना परियोजनांवर होता. १९५४ च्या अधिनियमाने संपूर्ण हद्दीची विकास योजना तयार करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरविले. सध्या लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा असून तो ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. त्याने नगराबाहेरील ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजनेची तरतूद केली.

योजना तयार करण्याचा इरादा प्राधिकरण प्रथम जाहीर करते. त्यानंतर नगररचना अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करून विद्यमान भूवापराचा नकाशा बनवितात व त्यावरून प्रारूप योजना आखली जाते. ती प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना सूचना व हरकती नोंदविता येतात. नियोजन समिती त्यांची सुनावणी करते. या समितीत प्राधिकरणाच्या सदस्यांबरोबर नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. प्राधिकरणाने समितीच्या अहवालाचा विचार केल्यावर योजना शासनाकडे जाते. शासनास मोठे फेरबदल करावेसे वाटल्यास तेवढा भाग वगळून उरलेली योजना मंजूर करता येते. वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इरादा जाहीर झाल्या दिवसापासूनच परवानगीवाचून विकास करण्यास मनाई असते. म्हणजे नकाशा अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याचा अंमल सुरू होतो. तसे नसते तर पाहणी चालू असतानाच मोकळ्या जागा बांधल्या गेल्या असत्या.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके या व्यवस्थेच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. येथे कर्जत, खोपोली व माथेरान यांना नगरपरिषदा आहेत, तर भोवताली भातशेतीची गावे, वनजमिनी आणि ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पूर्वीपासून मुंबई महानगर प्रदेशात मोडत असे. त्या प्रदेशाच्या योजना १९७३, १९९९ व २०२१ साली मंजूर झाल्या. रायगड जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९२ ची आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व भोवतालचे २१४·७३ चौ. किमी. क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले आणि त्याच्या कडेने २०० मी. रुंदीचा पट्टा जोडला. या क्षेत्रासाठी स्वतंत्र महायोजना करण्याचे बंधन राज्यावर आले. जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडकोची, आणि पुढे द्रुतगती मार्गालगतच्या काही गावांसाठी राज्य रस्ते विकास महामंडळाची, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. यामुळे शेजारच्या दोन गावांतील शेतकऱ्यांना परवानगीसाठी वेगवेगळ्या कार्यालयांत जावे लागते, आणि अनेकांच्या बाबतीत खरी अडचण नियमांच्या कडकपणापेक्षा आपले दार कोणते हे न कळण्याची असते.

अंमलबजावणी मुख्यतः परवानगीच्या मार्गाने होते. नगरपरिषदेच्या हद्दीत ती नगरपरिषद देते. प्रादेशिक योजनेच्या ग्रामीण भागात सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नकार मिळाल्यास शासनाकडे अपील करता येते. परवानगीची मुदत एक वर्ष असून ती वर्षावर्षाने, परंतु एकूण तीन वर्षांपेक्षा अधिक नाही, अशी वाढविता येते. हरित विभागात शेतघर बांधण्यास मुभा असते, पण त्यासाठी किमान ०·४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे, जमीन लागते. लोहमार्ग व द्रुतगती मार्ग यांमुळे मुंबई व पुणे येथील लोकांना सुटीची घरे हवी झाली आणि शेतजमिनीचे काही गुंठ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले. असे तुकडे घेणाऱ्यास शेतघराची परवानगी मिळू शकत नाही. विनापरवाना बांधकामास एक महिना ते तीन वर्षे कैद व दोन ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. आजच्या जमिनीच्या किमती पाहता हा दंड नाममात्रच म्हटला पाहिजे. बांधकाम पाडण्याची नोटीस हे खरे साधन होय. तथापि २०१७ मध्ये अधिनियमात ५२ (अ) हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट मोकळी करण्यात आली.

आरक्षणाचा बोजा जमीनमालकावर पडतो. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक कलम १२७ अन्वये खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरची मुदत मूळ सहा महिन्यांची होती. ती पुढे वाढवून २४ महिने करण्यात आली. त्या मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ‘पावले’ म्हणजे संपादनाच्या दिशेने खरोखर झालेली कार्यवाही, नुसता ठराव नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात (२००७) लावला. नगरपरिषदांची आर्थिक कुवत लक्षात घेता क्रीडांगणे व उद्याने अशा रीतीने हातची जाण्याचा धोका मोठा आहे. मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय त्यासाठीच आहे. परंतु मागणी नसेल तेथे त्या हक्कास ग्राहक मिळणे कठीण असते.

नकाशाची दुसरी उणीव भूरचनेसंबंधीची आहे. १:५ वा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास राज्याच्या एकत्रित नियमावलीत (२०२०) मनाई आहे. नवीन बांधकाम अशा नियमाने रोखता येते, परंतु उताराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या वस्तीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत ही वाडी नव्हती. वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने चौक गावाजवळ घरे बांधली.