ज्वारीचीही बिअर होते

बिअरमधला अल्कोहोल साखरेपासून बनतो. पण धान्यात तर स्टार्च असतो. मग साखर येते कुठून? मोडातून. दाण्याला मोड फुटताना अमायलेज ही विकरे सक्रिय होतात; ती स्टार्च तोडून माल्टोज ही साखर तयार करतात. मोड आलेली बार्ली वाळवली की झाले माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात, तिथे ही विकरे बहुतेक स्टार्चची साखर करतात. गाळलेला गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळतात, त्यातून कडवटपणा येतो. रस थंड झाल्यावर यीस्ट साखरेचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते.

चवीची खरी गंमत यीस्टमध्ये आहे. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला केळी-लवंगेचा वास येतो, पण त्यात दोन्ही नसतात. केळ्याचा गंध आयसोअमाइल ॲसिटेटचा, लवंगेचा ४-विनाइल ग्वायाकोलचा. दोन्ही यीस्टची निर्मिती. चव बाहेरच्या जिन्नसांतूनही आणता येते: पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने मीठ-कोकमाची बिअर केली. तिथे कोकम आंबटपणा देते आणि चिमूटभर मीठ कडवटपणा दाबून चव खुलवते.

मग बुलडाण्याच्या शिवारातल्या ज्वारीची बिअर होईल का? आफ्रिकेत तिची बिअर पिढ्यान् पिढ्या होते. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज कमी असते आणि तिचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते. त्यामुळे कृती बदलावी लागते. पण ज्वारीत ग्लुटेन नसते आणि ती कमी पाण्यावर येते. राज्यातल्या छोट्या ब्रुअरींनी आपल्या या धान्यावर मनापासून प्रयोग करायला हवेत.