अप्पा बळवंत चौकातले नारायणराव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाने 'तुंबाड' हा २०१८ सालचा चित्रपट पाहिला. त्यामागे नारायण धारप यांच्या एका कथेचे बीज आहे, असे त्याच्या वाचनात आले आणि त्याने मला विचारले, "दादाजी, तुम्ही यांना कधी भेटलात का हो?" 'हो' म्हणावे की 'नाही', हे मला चटकन ठरवता आले नाही. आजही येत नाही.

आमचे घराणे आर्णीत कापसाचा व्यापार करणारे. १९७२ साली राज्य शासनाची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि खासगी खरेदी थांबली. कापसाच्या गादीवर वाढलेल्या बाबूजींनी त्याच ओट्यावर किराणा मांडला. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. दुपारी गल्ल्यावर बसण्याचे काम माझ्याकडे आले आणि गल्ल्याखाली धारपांची पुस्तके आली. एक नातेवाईक ती यवतमाळच्या वाचनालयातून आणून देत असत. मुखपृष्ठ बहुधा फाटलेले, शेवटची पाने कधी असत, कधी नसत.

धारपांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. भयकथाकार म्हणून त्यांची ओळख रूढ झाली असली, तरी मला त्यांचे सामर्थ्य भयापेक्षा विश्वास बसवण्यात दिसते. जुना वाडा, भाड्याची खोली, नोकरीला जाणारा साधा माणूस, हे सारे ते इतक्या सावकाशीने उभे करतात की पुढचे अघटित नाकारण्याची सोय उरत नाही. पुढे बँकेत एक अफरातफर तपासताना मला त्यांची आठवण झाली होती. तिथेही नव्याण्णव नोंदी बिनचूक होत्या. त्यांचे 'समर्थ' तर मला घरातले वडीलधारे वाटत. दुष्ट शक्तीपुढे उभे राहताना त्यांचा आवाज चढत नसे. 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली आहे, हे फार उशिरा कळले. थोडा हिरमोड झाला, हे कबूल करतो. पण मूळ इंग्रजी पुस्तक वाचताना मला रात्री एकदाही उठून कडी तपासावी लागली नाही.

एकदा या वाचनापायी रोजकीर्दीत दहा रुपयांची चूक निघाली. रात्री वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात बाबूजींनी पुस्तक पुढे सरकवले आणि म्हणाले, "दहा रुपयांहून मोठं काय आहे यात, वाचून दाखव." मी वाचू लागलो. समर्थांची कथा होती. बऱ्याच वेळाने वात कमी करण्यासाठी थांबलो, तर अंधारातून आवाज आला, "पुढे?" दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर पुस्तक आणायचे नाही, असा हुकूम झाला. माझ्या मते दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या.

एम.कॉम.ला गेल्यावर मी स्वतः लिहू लागलो. अरुणावतीच्या काठी एक बंद पडलेला जिन आहे. रात्री तिथला काटा आपोआप झुकतो, पारड्यात काही नसते, आणि सकाळी जुन्या वहीत एका शेतकऱ्याचे नाव व वजन लिहिलेले सापडते, अशी ती गोष्ट. एक्केचाळीस पाने झाली. ती फक्त एकाच माणसाला दाखवायची, हे मी ठरवून टाकले होते.

१९८१ साली एका बँकेच्या मुलाखतीसाठी पुण्याला जायचे ठरले. बाबूजींनी दीडशे रुपये दोनदा मोजून दिले. मुलाखत आटोपल्यावर अप्पा बळवंत चौकात गेलो. धारपांचा पत्ता तिथला एखादा पुस्तकवाला नक्की सांगेल, अशी आशा होती. एका दुकानात शिरून शब्दांची जुळवाजुळव करीत होतो, तोच चष्मा लावलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. दुकानदार उठून म्हणाला, "या, नारायणराव!"

माझे हात गार पडले. ते माझ्या शेजारीच उभे राहिले आणि एक जुने इंग्रजी पुस्तक चाळू लागले. थोड्या वेळाने त्यांनी ते माझ्यापुढे धरून, मला घ्यायचे आहे का, असे विचारले. मी मान हलवली. खिशात परतीचे भाडे आणि वर अकरा रुपये होते. पिशवीत वही होती. ते पैसे देऊन बाहेर पडले, लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने गेले. मी दुकानदाराला काही विचारले नाही. पुण्यात नारायणराव नावाच्या माणसांना काय तोटा! पण विचारले असते आणि 'हेच ते' असे उत्तर आले असते, तर वही न काढल्याचा दोष माझ्या भित्रेपणाखेरीज कोणाला देता आला असता?

मला नोकरी लागली. बाबूजींनी पेढे वाटले. दुकानावरचा ताण त्या पगाराने बराच हलका झाला. वहीची कोरी पाने वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांवर बढतीच्या परीक्षेची टिपणे काढली. ऑगस्ट २००८ मध्ये धारपांच्या निधनाचे वृत्त वाचले. वर्तमानपत्रातल्या छायाचित्राकडे कितीतरी वेळ पाहत बसलो. चष्मा तसाच वाटला, कपाळ तसे वाटले नाही. मधे सत्तावीस वर्षे गेली होती.

नातवाला हे सांगितल्यावर त्याने वही मागितली. कपाटातल्या जुन्या पासबुकांखाली ती निघाली. झोपाळ्यावर बसून त्याने एक्केचाळीस पाने वाचली, बेचाळिसावे उलटले आणि तिथे चक्रवाढ व्याजाची सूत्रे पाहून वर बघितले.

"दादाजी, पारड्यात कोण बसत होतं?"

मला आठवत नव्हते. ठरवले होते की नाही, तेही आठवत नव्हते. त्याने वही परत दिली नाही, आपल्या दप्तरात ठेवली.