हाडांची चिठ्ठी, छातीची चिठ्ठी

कराडात आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. पन्नाशी-साठीच्या बायका काउंटरवरची पुरुष गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत रेंगाळतात, मग पुढे होऊन हळू आवाजात विचारतात. एकीला हाडांसाठी गोळी लिहून दिलेली असते. "ताई, ह्यानं छातीचा कॅन्सर होत नाही ना?" दुसरीचा कॅन्सरचा उपचार झालेला असतो. "ही गोळी सुरू झाल्यापासून सकाळी मूठ वळत नाही. बंद करू का?" प्रश्न दोन वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी आहे इस्ट्रोजेन हे हार्मोन.

आपलं हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात. खरवडणाऱ्यांना इस्ट्रोजेन आवर घालतं. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी जाते, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं आणि पुढची काही वर्षं हाड झपाट्यानं झिजतं. मग अंगणात साधा पाय घसरला तरी मनगट किंवा खुबा मोडतो. हेच इस्ट्रोजेन स्तनातल्या पेशींना वाढायला लावतं. पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या बहुतेक कॅन्सरना त्याचीच फूस असते. तपासणीच्या रिपोर्टवर 'ई.आर. पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं ते यासाठी. म्हणजे जे हाडाला हवं, तेच छातीला नको.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या बायकांच्या हाताच्या हाडांचे जुने एक्स-रे तपासून 1997 साली एक निष्कर्ष छापून आला. ज्यांची हाडं सगळ्यांत भरीव होती, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण सगळ्यांत विरळ हाडांच्या बायकांपेक्षा सुमारे साडेतीनपट होतं. हाड हे इस्ट्रोजेनचं पासबुक आहे म्हणा ना. जन्मभर किती जमा झालं त्याची नोंद तिथे राहते. याचा अर्थ हाडं ठिसूळ झालेली बाई कॅन्सरपासून सुटली असा मात्र नाही. भक्कम हाडांच्या बाईनं धसका घ्यावा असाही नाही.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर? 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत साडेसोळा हजारांहून जास्त बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची जोडगोळी पडताळली जात होती. ती मुदतीआधीच थांबवावी लागली. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला खुब्याची पाच फ्रॅक्चर टळत होती, पण स्तनाचे आठ कॅन्सर वाढत होते. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा कॅन्सर वाढला नाही. त्यामुळे 'हार्मोनच्या गोळ्या' या नावाखाली सगळं एकाच टोपलीत टाकू नये. पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला या गोळ्या सहसा देत नाहीत.

औषधशास्त्रानं यातून एक सुरेख वाट काढली. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण पाळी गेलेल्या बाईच्या हाडात इस्ट्रोजेनसारखंच वागतं. दोष एवढाच, की ते गर्भाशयाच्या अस्तरालाही चेतवतं. रॅलोक्सिफेन आलं हाडांचं औषध म्हणून. 2006 साली 'स्टार' या चाचणीत कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या 19,747 बायकांमध्ये या दोन औषधांची तुलना झाली. कॅन्सर रोखण्यात रॅलोक्सिफेन जवळपास टॅमॉक्सिफेनच्या बरोबरीनं उतरलं, आणि गर्भाशयाला त्याचा त्रास कमी झाला. रक्तात गुठळी होण्याचा धोका मात्र दोन्हींत असतो. तेव्हा पायात कधी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

लेट्रोझोल आणि अनास्ट्रोझोल यांची तऱ्हा उलटी. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते. या गोळ्या तेही बंद पाडतात. कॅन्सर परतू नये म्हणून उत्तम, पण हाडांचा उरलासुरला आधारही जातो. सांधे आखडतात. मूठ न वळणं हे त्यातलंच, मनाचे खेळ नव्हेत. पण म्हणून कोणी आपल्या मनानं गोळी सोडू नये. नियमित व्यायामानं बऱ्याच जणींचं दुखणं हलकं होतं. नाहीच झालं तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात.

मागे एक काकी दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. एक कॅन्सरच्या डॉक्टरांची: लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅम, रोज एक. दुसरी, कंबरदुखीसाठी ज्यांच्याकडे गेल्या त्या हाडांच्या डॉक्टरांची, तिच्यावर रॅलोक्सिफेन. ही दोन औषधं एकत्र देत नाहीत. "काकी, त्यांना ऑपरेशनचं सांगितलं होतंत का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हाडाच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं?" मी तिथूनच फोन लावला, डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. त्यांना ठाऊकच नव्हतं, तर त्यांचा तरी काय दोष?

लेट्रोझोल सुरू होतानाच हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यावी. रिपोर्टवरचा टी-स्कोअर उणे एकपर्यंत ठीक. उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली समजायचं. हाडं सांभाळायला बऱ्याचदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सहा महिन्यांनी देतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये या गटातल्या औषधांनी कॅन्सर हाडात परतण्याचं प्रमाणही सुमारे 28 टक्क्यांनी घटतं, असं 2015 साली अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसलं. हे इंजेक्शन घेण्याआधी दात दाखवून घ्यावेत, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. हाडांसाठीच डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख चुकवू नये. ते अचानक थांबलं तर मणके मोडू शकतात.

काउंटरवर रोज सांगावं लागतं ते असं. साठ हजार युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. रोज दुधात घालायची नव्हे. हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम आणि थायरॉईडची गोळी एकत्र घेऊ नये, चार तासांचं अंतर ठेवावं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून भाकरीत नाचणी, चटणीत तीळ आणि जेवणात ताक असू द्यावं. रोज भरभर चालावं. त्यानं हाडाला बळ येतं आणि पोटावरची चरबी आटोक्यात राहते. ज्या चरबीतून इस्ट्रोजेन बनतं ती हीच.

छाती दाखवून घ्यायला बायका लाजतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं वीस वर्षं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. मशीन नव्हतं, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. सरकारी दवाखान्यातही हे होऊ शकतं. गाठ बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबू नका.

आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळ्या फायली एकाच पिशवीत घालून न्या. विचारण्याची वाट न बघता स्वतःहून तीन गोष्टी सांगा: आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, पाळी कधी गेली, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर घाईत असले, तरी सांगाच.