चार सामन्यांचा पाहुणा

2014 च्या ऑक्टोबरात फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. नावात मुंबई असली तरी दादर-अंधेरीकरांपेक्षा ते पनवेलकरांना जवळचं. हार्बर लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत नेरूळ. त्या संघाचा 'मार्की' खेळाडू होता स्वीडनचा फ्रेडी लुंगबर्ग. 2003-04 च्या मोसमात इंग्लंडची लीग एकही सामना न हरता जिंकणाऱ्या आर्सेनलमधला हा माणूस. 2002 च्या एफए कप अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध गोल केलेला. असा खेळाडू सायन-पनवेल महामार्गालगतच्या मैदानावर खेळणार म्हटल्यावर तिकिटं काढायला वेगळं कारण लागत नव्हतं.

साखळीत मुंबईचे 14 सामने झाले. लुंगबर्ग खेळला चार. गोल एकही नाही. दुखापतीने त्याला बहुतेक काळ मैदानाबाहेर बसवलं आणि मुंबई आठ संघांत सातवी आली.

अशा वेळी स्टँडमधून निघणारा शेरा ठरलेला असतो: वय झालं, पैशासाठी आला. वय 37 होतं हे खरं. पण हा शेरा आळशी आहे, कारण तो वयापाशी थांबतो. 2012 मध्ये जपानच्या शिमिझू एस-पल्सकडून खेळून झाल्यावर लुंगबर्गने निवृत्ती जाहीर केली होती. म्हणजे मधली दोन वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल खेळतच नव्हता. कंबरेच्या सांध्याचं दुखणं आणि मायग्रेन हे त्याचे जुने सोबती. असं शरीर घेऊन तो नव्या क्लबात, नव्या हवेत आणि दोन महिन्यांत 14 सामने उरकणाऱ्या लीगमध्ये उतरला. हा अनुभव केवळ त्याचा नाही. पंचविशीतला, ठणठणीत दिसणारा खेळाडूही क्लब बदलला की पहिल्या काही आठवड्यांत मांडी धरून खाली बसतो.

याचं कारण असं, की आपण ज्याला एका शब्दात 'फिटनेस' म्हणतो ती एकच गोष्ट नाही. चेंडू पायावर घेणं, मान वर करून मोकळा साथीदार हेरणं हे कौशल्य मेंदूत मुरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. दमसास मात्र आठवड्यांत ओसरतो. सराव थांबला की सर्वांत आधी रक्तातल्या द्रवाचं, म्हणजे प्लाझ्माचं प्रमाण घटतं. त्याला काही दिवस पुरतात. मग हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि पुढे स्नायूंतली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा मंदावते.

याचा सर्वांत बोलका पुरावा 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मिळाला. तिथल्या एका प्रयोगात पुढे क्रीडा-शरीरशास्त्रात मोठं नाव झालेला बेंग्ट सॉल्टिन हा स्वीडिश संशोधक होता. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठले तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं. वयाला दोष देण्याआधी हे आठवावं.

दमसास जसा जातो तसा परतही येतो. नेमकी इथेच गोम आहे. नव्या क्लबात आलेला खेळाडू महिना-दीड महिना घाम गाळतो, दमसास पूर्वीसारखा होतो, त्याला वाटतं आपण तयार झालो. प्रशिक्षकालाही तसंच वाटतं. पण हृदय आणि रक्त ज्या वेगाने सावरतात, त्या वेगाने स्नायू सावरत नाहीत आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश. त्यांच्यातल्या कोलॅजनची जुळणी व्हायला महिने लागतात. म्हणजे खेळाडूला आपण धावू शकतो असं जाणवण्याचा क्षण आणि त्याची मांडी-पोटरी ती धाव सोसू शकण्याचा क्षण, या दोहोंत अंतर असतं. बहुतेक अपघात त्या अंतरात होतात. त्यात नवा खेळाडू म्हणजे स्वतःला सिद्ध करायची घाई, आणि त्याच्यावर पैसे खर्च केलेल्या क्लबालाही घाई.

यात मांडीमागच्या स्नायूंचं, हॅमस्ट्रिंगचं, दुखणं सर्वांत चिवट. पूर्ण वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी गुडघा सरळ होत असतो. त्या क्षणी हॅमस्ट्रिंग ताणलं जात असतं आणि त्याच वेळी पुढे जाणाऱ्या नडगीला लगाम घालण्यासाठी आकसायचा प्रयत्नही करत असतं. ताणलेल्या अवस्थेत जोर लावणं हे स्नायूसाठी सर्वांत जिकिरीचं काम. धागे तुटतात ते तेव्हा, आणि बहुधा मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या लांब स्नायूत. म्हणून खेळाडू कुणाचा धक्का न लागता, मोकळ्या मैदानात एकटाच धावता धावता थबकतो. प्रेक्षकांना ते नाटक वाटतं.

यान एकस्ट्रँड या आणखी एका स्वीडिश डॉक्टरने 2001 पासून युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवली आहे. एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीला 12 टक्के होता, 2021-22 पर्यंत तो 24 टक्क्यांवर गेला. जगातले उत्तम फिजिओ आणि यंत्रं दिमतीला असून वाटा दुप्पट, कारण खेळ वेगवान झाला आणि सामने दाटीवाटीने होऊ लागले. कुणाला पुन्हा दुखापत होणार याचं सर्वांत भरवशाचं भाकीत कोणतं, तर आधी झालेली दुखापत आणि वाढतं वय. लुंगबर्गच्या खात्यात दोन्ही जमा होती.

आता आपल्या हवेकडे येऊ. पाऊस सरतो आणि ऑक्टोबर हीट लागते, हे पनवेल-नेरूळ पट्ट्यात कुणाला सांगायला नको. धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग हालचालीत जातो, उरलेली उष्णता होऊन अंगात साठते. ती काढायचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता गळून उपयोग नाही, तो उडाला पाहिजे, वाफ झाला तरच त्वचा थंड होते. खाडीकाठच्या दमट हवेत तो उडत नाही, जर्सीतून निथळतो. सामने संध्याकाळी सातला असायचे, ऊन नसायचं, पण दिवस मावळल्यावर हवेतली सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे धावतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात.

शरीर हेही शिकतं. रोज उकाड्यात सराव केला तर दहा ते चौदा दिवसांत प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. थंड देशातून आलेल्या माणसाला हे दोन आठवडे द्यावेच लागतात. ज्या लीगमध्ये दर चार-पाच दिवसांनी सामना आहे, तिथे दोन आठवडे म्हणजे तीन सामने. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा एका सामन्यात बराचसा संपतो आणि पूर्ण भरायला दोन-तीन दिवस लागतात. अर्धा साठा घेऊन मैदानात उतरलेले खेळाडू उत्तरार्धात धावण्यापेक्षा चालतातच जास्त, हेही सॉल्टिनने सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं.

मग चाळिशीतला सुनील छेत्री कसा टिकला? 2015 मध्ये लिलावात 1 कोटी 20 लाखांना मुंबई सिटीनेच त्याला घेतलं आणि त्याच मोसमात नॉर्थईस्टविरुद्ध त्याने लीगमधली भारतीयाची पहिली हॅटट्रिक केली. 2024 मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला, 2025 मध्ये पुन्हा परतला. त्याच्या खाण्या-झोपण्याच्या शिस्तीचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते मोठं कारण साधं आहे: इतक्या वर्षांत तो कधी थांबला नाही. राष्ट्रीय संघातून बाहेर होता तेव्हाही क्लबकडून खेळतच होता. लुंगबर्गकडून दोन वर्षांची भरपाई एका सराव शिबिरात मागितली गेली.

क्लब आता अंगावर जीपीएसचं बनियान चढवून प्रत्येक धावेची नोंद ठेवतात. या आठवड्याचा भार मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहायचा आणि उडी मोठी दिसली की आवरायचं, असा हिशेब मध्यंतरी फार गाजला. त्याच्या गणितावर पुढे संशोधकांनीच बरीच टीका केली आणि नेमका सुरक्षित आकडा कोणी छातीठोक सांगू नये हे बरं. पण भार अचानक वाढवू नये हे त्यातलं मूळ तत्त्व टीकाकारांनाही मान्य आहे.

कामोठे, खारघर, नवीन पनवेलच्या टर्फवर रात्री तासाच्या भाड्याने खेळणाऱ्यांकडे ना बनियान, ना फिजिओ. ऑफिस सुटल्यावर थेट येतात, गाडीतच बूट बदलतात, पहिल्याच मिनिटाला पूर्ण वेगाने धाव घेतात. घरी गेल्यावर मोज्यांतून रबराचे काळे दाणे झटकतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात. यातलाच एखादा पोरगा जिल्हा पातळीवर चमकून मुंबईच्या क्लबात निवडला जातो, आणि आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या पायांना तिथे रोज दोन सत्रं करावी लागतात.

त्याच्यासाठी एक व्यायाम आहे, यंत्राशिवायचा. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, साथीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि कंबर न मोडता अंग पुढे झुकवत शक्य तितकं सावकाश जमिनीकडे न्यायचं. शेवटी तोल जातोच, तेव्हा हात टेकायचे. ताणत असताना लगाम घालण्याचं हॅमस्ट्रिंगचं काम इथे मोजून-मापून करून घेतलं जातं. डेन्मार्कमध्ये साडेनऊशेच्या आसपास फुटबॉलपटूंवर हा 'नॉर्डिक' व्यायाम तपासला. तो करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोन फेरेच करायचे आणि पुढे हळूहळू वाढवायचे. सुरुवातीला मांडी चांगलीच दुखते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र हा व्यायाम करू नये.