डावी-उजवी कवटी

माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून तंतोतंत सारखी नसते. मग हा फरक वंशावर अवलंबून असतो का? इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्यापुढे बर्लिनमध्ये हाच प्रश्न होता. १९२८ ते १९३० या काळात त्या तेथे पीएच.डी. करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती, की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत ही विषमता अधिक आढळेल आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण ठरेल. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या होत्या, तर काही जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या. विषमता सर्वत्र दिसली, पण वंशाशी तिचा संबंध जुळेना. प्रबंध खुद्द फिशर यांच्याकडेच जायचा होता, तरी बाईंनी दिसले तेच लिहिले. पुढे याच फिशर यांनी नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. बाईंचा प्रबंध मात्र ग्रंथालयांत टिकून आहे.

आपणही वर्गात हे करून पाहू. प्रत्येकाने आपल्या दोन्ही पावलांची लांबी मोजावी. मोजण्याआधी अंदाज लिहावा. नंतर आकडे अंदाजाशी जुळले नाहीत, तर काय खोडायचे, एवढेच मुलांना विचारू.