उन्हाळ्यांतील सायकल-प्रवासाचा पोशाख

उन्हाळ्याच्या दिवसांत सायकलीवरून दूरचा पल्ला गांठण्याचें ज्यांच्या मनांत येतें, त्यांची सारी चौकशी बहुधा सायकलीविषयींच असते. गियर किती असावे, टायर कोणत्या जातीचे घ्यावे, यांवर आठ-आठ दिवस काथ्याकूट चालतो. अंगावर काय घालावें हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीं सुटतो. म्हणजे दोरीवर जें वाळत असेल तें उचलण्यांत येतें. वास्तविक चाक पंक्चर झालें तर अर्ध्या तासांत तें दुरुस्त होतें. पण जांघ सोलवटली तर ती दुरुस्ती आठवड्याची असते आणि ती रस्त्याच्या कडेला बसून करतां येत नाहीं.

याच्या उलट दुसरा एक गैरसमज आहे. पहांटेच्या वेळीं रस्त्यानें झपाट्यानें जाणाऱ्या सायकलस्वारांचे चापूनचोपून बसलेले रंगीबेरंगी कपडे पाहून बेताच्या मिळकतीचा तरुण मनांत म्हणतो कीं, हें आपल्या खिशाचें काम नव्हे. १९२३ सालीं मुंबईहून निघून १९२८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आलेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तीन पारशी तरुण या कापडांपैकीं एकहि अंगावर न घालतां वाळवंटें ओलांडून गेले. घालणार तरी कोठून? पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडांत निघाला तो १९४१ सालीं, आणि अंगाबरोबर ताणला जाणारा स्पॅन्डेक्सचा धागा अमेरिकेंत निघाला तो १९५८ सालीं. तेव्हां महागडें कापड ही सोय आहे, अट नव्हे. परंतु कोणती सोय खरोखर पैसे मोजण्यासारखी आहे हें कळण्यास अंगांतील उष्णतेचा हिशेब आधीं समजून घ्यावा लागतो.

मध्यम वेगानें सायकल चालविणाऱ्या मनुष्याच्या पायांकडून १०० वॅट इतकें काम होत असेल, तर त्यासाठीं शरीरांत ४०० ते ५०० वॅट शक्ति खर्ची पडते. स्नायूंत जळलेल्या इंधनाचा पांचवा किंवा फार तर चौथा हिस्सा पॅडलापर्यंत पोहोंचतो. बाकीच्याची निव्वळ उष्णता होते. हवा थंड असेल तर ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. पण पारा ३८ अंश सेल्सिअसवर गेला म्हणजे हवाच त्वचेपेक्षां अधिक तापलेली असते, आणि मग घाम वाळणें एवढा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाळतांना अंगांतून सुमारें २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या मानानें ३५० वॅट उष्णता घालविण्यास ताशीं अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे, आणि वर सूर्य तापवितो तें वेगळेंच. येथें ‘वाळला पाहिजे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हनुवटीवरून टपटप गळणारा घाम अंगाला कांहींच थंडावा देत नाहीं. शरीरांतील पाणी आणि मीठ मात्र फुकट जातें. म्हणून उन्हाळी कपड्याचें मुख्य काम घाम टिपणें हें नसून तो वाळूं देणें हें आहे.

सुती आणि पॉलिएस्टर यांतला भेद येथेंच आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेंत ठेवलेला सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी पोटांत घेतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काहि घेत नाहीं. सुती सदरा घामानें भिजला कीं जड होतो, पाठीला चिकटतो आणि लवकर वाळत नाहीं. विरळ विणीच्या पॉलिएस्टर बनियनांत घाम धाग्याच्या बाहेरच राहतो, कापडभर पसरतो आणि वाऱ्याच्या झुळुकीसरशीं उडून जातो. एवढ्यावरून सुताला सरसकट नांवें ठेवणें मात्र बरोबर नव्हे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हांत भिजलेला पातळ सुती कपडा अंगावर वाळ्याच्या पडद्यासारखें काम करतो, आणि दोन-तीन तासांच्या संथ फेरीला तो सुखाचाच वाटतो. कोंकणांत पारा ३३ वरच असला तरी हवाच पाण्यानें भरलेली असते. तेथें ओला सुती सदरा अंगावर ओलाच राहतो आणि काचूं लागतो. लोंकरीचें नांव ऐकून हंसूं येईल; परंतु युरोपांतील शर्यतींत कित्येक दशकें लोंकरीच्याच बंड्या वापरीत असत, आणि १९१९ सालीं फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतींत जी पिवळी बंडी पहिल्यानें दिली गेली तीहि लोंकरीचीच होती. पातळ लोंकर ओली झाली तरी अंगाला फारशी चिकटत नाहीं आणि तिला दुर्गंधहि लवकर येत नाहीं. आपल्याकडे मात्र ती महाग पडते, तेव्हां तो विषय येथेंच सोडावा.

आतां एक रस्ता डोळ्यांपुढें धरूं. पुण्याहून वाईमार्गें महाबळेश्वर हें अंतर सुमारें १२० किलोमीटर. एप्रिल महिन्यांत पहांटे चारला निघालेला स्वार नऊच्या सुमारास वाईला पोहोंचतो. सपाटीवर ताशीं २० किलोमीटरच्या वेगानें समोरचा वारा आपोआप मिळतो, त्यामुळें तेथवर कोणताहि सदरा चालून जातो. खरी परीक्षा पुढें पसरणीच्या घाटांत. तेथें वेग सात-आठ किलोमीटरवर येतो, वारा जवळजवळ थांबतो, श्रम दुप्पट होतात आणि ऊन पाठीवर येतें. अशा वेळीं सदऱ्याला पुढून पोटापर्यंत उघडणारी चेन असणें ही गोष्ट कापडाच्या कोणत्याहि नामांकित छापापेक्षां अधिक मोलाची ठरते. बाजारांत फूटबॉल-क्रिकेटच्या खेळाडूंसाठीं जे जाळीदार पॉलिएस्टरचे सदरे दोन-तीनशें रुपयांत मिळतात ते या कामाला पुरेसे आहेत. त्यांना चेन नसते एवढी एकच उणीव. गांवांतल्या शिंप्याकडून ती थोडक्या पैशांत बसवून घेतां येते, आणि पाठीमागें कमरेवर दोन खिसेहि लावून घेतां येतात. खिसे पाठीवरच हवेत. पोटावरचे खिसे ओणवें बसल्यावर गुडघ्यांना लागतात. पहांटेचे पहिले दोन तास अंधारांत जावयाचे असल्यामुळें या सदऱ्यावरून प्रकाश परतविणारा पट्टा आडवा घालावा.

रंगाविषयीं पुष्कळ चर्चा होते. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासांत असें दिसून आलें कीं, वाळवंटांतील बदाऊन लोकांचे काळे झगे पांढऱ्या झग्यांपेक्षां अधिक तापतात खरे, पण ते सैल असल्यामुळें ती उष्णता त्वचेपर्यंत पोहोंचत नाहीं. सायकलस्वाराचा सदरा अंगालगत असतो. त्याला हा आधार मिळत नाहीं. त्यानें पांढरा, पिवळा, फिकट निळा असाच रंग घ्यावा; ट्रकवाल्यालाहि तो दुरून दिसतो. मात्र फिकट आणि पातळ कापडांतून सूर्याचे अतिनील किरण बरेच आंत येतात, आणि पातळ पांढरें सुती कापड ओलें झालें म्हणजे अधिकच येतात. म्हणून खांदे आणि पाठ येथें वीण थोडी दाट असावी, आणि हातांवर पातळ बाह्या चढवाव्या. स्कूटर चालविणाऱ्या स्त्रिया वापरतात त्याच बाह्या येथें उपयोगी पडतात. घाटाच्या पायथ्याशीं त्या पाण्यानें भिजवून घेतल्या तर चढ निम्मा सोपा वाटतो.

कमरेखालच्या कपड्याच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. सदऱ्यावर वांचविलेले पैसे येथें खर्च करावे. जाड शिवणीची जीन्सची विजार घालून १०० किलोमीटर जाणारा मनुष्य ज्या शिवणीवर बसतो ती शिवण तासाला चार हजारांवर वेळां त्याच जागीं घासली जाते. पूर्वीं युरोपांतील स्वार लोंकरी चड्डींत मऊ कातडें शिवून घेत. आतां त्या जागीं कृत्रिम गादी असते. अशी पॅडची चड्डी हजार-बाराशें रुपयांत साधारण बरी मिळते. ती घेतांना गादी जाड आहे कीं नाहीं हें न पाहतां बसण्याच्या दोन हाडांखालीं ती नीट येते कीं नाहीं, आणि मध्यभागीं आडवी शिवण नाहीं ना, हें पाहावें. फार जाड गादी घाम धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत उलट त्रासच देते. या चड्डीच्या आंत दुसरें अंतर्वस्त्र घालावयाचें नसतें, हें नवख्याला सांगावें लागतें; न सांगितल्यास तो संकोचानें घालतो आणि पॅडचा सारा उद्देशच वायां जातो. घासणाऱ्या जागीं निघण्यापूर्वीं व्हॅसलिनचा हलका हात फिरवावा. लोकांत वावरतांना चापून बसलेली चड्डी नकोशी वाटत असेल तर तिच्यावरून सैल, हलकी विजार घालावी. तिनें वेग कांहीं कमी होत नाहीं. स्त्रियांनीं सलवारीचा घोळ घोट्यापाशीं बांधावा, आणि ओढणी मात्र घरींच ठेवावी. चाकांत ओढणी अडकून झालेले अपघात फार वाईट असतात.

डोक्यावर हेल्मेट हवेंच, आणि त्याला हवेच्या भोंकांची पुरेशी संख्या असावी. त्याच्याखालीं पातळ सुती टोपी घातली तर घाम डोळ्यांत उतरत नाहीं. मानेसाठीं आपल्या घरोघर असणाऱ्या पंच्याइतकें सोयीचें वस्त्र नाहीं: विरळ वीण, पटकन् भिजणारा, पटकन् वाळणारा, आणि किंमत नगण्य. ओला पंचा मानेभोंवतीं घेऊन त्याचीं टोकें सदऱ्याच्या आंत खोंचावीं. लोंबतीं ठेवूं नयेत.

तरीहि कपडा म्हणजे कवच नव्हे. ऊन असतांना अंगावर शहारे येऊं लागले, घाम थांबला, डोकें जड होऊन बोलणें अडखळूं लागलें, तर तो उष्माघात समजावा. सोबत्यानें त्या स्वाराला तात्काळ सावलींत निजवून अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि दवाखान्याची वाट धरावी. बारा ते चार या वेळांत रस्त्यावर नसणें हा कोणत्याहि पोशाखापेक्षां मोठा उपाय आहे.

मुक्कामाला पोहोंचल्यावर पहिलें काम चड्डी काढून धुण्याचें. घामट चड्डींत चहा पीत तासभर बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं गळूं येतें आणि परतीचा प्रवास एस्. टी.नें करावा लागतो. साध्या साबणानें धुवावी. कपडे मऊ करणारीं द्रव्यें घालूं नयेत, त्यांचा थर धाग्यावर बसून घाम पसरेनासा होतो. गादी सदऱ्यापेक्षां पुष्कळ उशीरां वाळते. ती पिळूं नये. कोरड्या पंच्यांत चड्डी गुंडाळून वर पाय देऊन दाबावी, म्हणजे बरेंचसें पाणी पंचा ओढून घेतो. मग उलटी करून, गादी बाहेर ठेवून, पंख्याखालीं टांगावी. रात्रीं नऊला टांगलेली चड्डी पहांटेपर्यंत वाळते. न वाळल्यास तासभर उशीरां निघावें, पण ओली घालूं नये.